नाताळात कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीवर राहणं: बेत कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारं कुटुंब: नवरा-बायको, ११ आणि ७ वर्षांची मुलं आणि सध्या त्यांच्याकडे आलेल्या ६९ वर्षांच्या सासूबाई. एका मित्राची ४१ फुटी शिडाची बोट सेंट व्हिन्सेंटजवळच्या बेक्वे बेटावर असते आणि त्याने सगळ्यांना सुट्टीत राहायला बोलावलंय. बेत असा: २० डिसेंबरला बोटीवर चढायचं, २५ तारखेचा नाताळ टोबॅगो कीज या छोट्या बेटांच्या पुंजक्यात कासवांबरोबर, ३१ ला सेंट बार्ट्स बेटावरची आतषबाजी आणि ३ जानेवारीला सेंट व्हिन्सेंटहून परतीचं विमान. विचारलंय ते मात्र एवढंच: बोट लागेल का, शाकाहारी जेवणाचं काय आणि सामान काय न्यायचं?

या तिन्हींची उत्तरं देते, पण आधी जे विचारलेलं नाही त्याबद्दल बोलू. तुमच्या बेतात चार तारखा आहेत आणि चारही पक्क्या आहेत. शिडाच्या बोटीवर मी सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेन, तर पक्क्या तारखेला.

आधी मी कोण ते सांगते. गेले सात हिवाळे आम्ही दोघं एका ३९ फुटी, एका डोलकाठीच्या बोटीवर राहतोय. ग्रेनाडा ते मार्टिनिक हा आमचा पट्टा, कधीमधी अँटिग्वा. नवरा बावीस वर्षं व्यापारी जहाजांवर होता. तो अनुभव शिडाच्या बोटीवर जेमतेम निम्मा उपयोगी पडतो, हे त्याने दुसऱ्या वर्षी कबूल केलं. मी मुंबईत बँकेत होते, त्यामुळे पाण्याचा आणि बॅटरीचा हिशेब माझ्याकडे. जून ते नोव्हेंबर हा इथला चक्रीवादळांचा मोसम. तेव्हा बोट किनाऱ्यावर चढवून आम्ही रत्नागिरीला येतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, तसंच हे. योगायोग म्हणजे अँटिग्वा आणि रत्नागिरी दोन्ही साधारण १७ अंश उत्तरेला आहेत. सूर्य सारखाच वागतो, वारा मात्र अजिबात नाही.

आता तो नकाशा. टोबॅगो कीज बेक्वेपासून दक्षिणेला सुमारे २५ सागरी मैल आहेत. दिवसाउजेडी होणारा छान प्रवास. सेंट बार्ट्स मात्र बेक्वेच्या उत्तरेला ३०० सागरी मैलांच्या आसपास आहे. ४१ फुटी बोट ताशी ६ मैलांनी चालली, तर न थांबता पन्नास तास. म्हणजे दोन रात्री समुद्रावर, आणि मग ३ जानेवारीच्या आत तेवढंच अंतर परत. मुलं आणि सासूबाई बोटीवर असताना हे होणार नाही, असं मी साफ सांगते. तुमच्या मित्राने याला मान डोलावली असेल, तर एक तर त्याने डिसेंबरात हा रस्ता केलेला नाही किंवा तो फार भिडस्त आहे.

त्यात सेंट बार्ट्स फ्रेंच. सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय असेल, तर कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांचा व्हिसा वेगळा पाहावा लागतो. ही बेटं शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या पट्ट्यात, येत नाहीत, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही आणि अमेरिकेचा व्हिसा असल्याने काही फरक पडत नाही. मार्टिनिकचंही तेच. बोटीने येणाऱ्यालाही नियम तेच लागतात, फक्त विमानतळाऐवजी कप्तानावर जबाबदारी येते.

नुसत्या अंतराने बेत फसत नाही, महिन्यानेही फसतो. इथे वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात, साधारण १५ ते २० नॉटचे (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल). डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा जोर धरतो आणि दक्षिणेकडच्या कमी दाबाशी त्याचा फरक वाढतो. मग हेच वारे २५-३० नॉटवर जातात आणि चार-पाच दिवस, कधी आठवडाभर तसेच राहतात. इथले लोक त्यांना सरळ 'ख्रिसमसचे वारे' म्हणतात. आकाश निळंशार, ऊन लखलखीत, फोटोत काही दिसत नाही. पण वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, ते शिडांना आणि नांगराला कळतं. बेटांच्या पश्चिमेला आडोशाला बरं असतं. दोन बेटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात अटलांटिकची लाट थेट येते, आणि बेटाच्या टोकाला वारा आणखी पिळवटून निघतो. सेंट व्हिन्सेंट आणि बेक्वे यांच्यामधला पट्टा जेमतेम नऊ मैलांचा, पण काही दिवशी त्या नऊ मैलांत माणूस आपले सगळे निर्णय तपासून बघतो.

शिवाय ही बेटं उत्तर-दक्षिण माळेत आहेत आणि वारा पूर्वेचा किंवा ईशान्येचा. त्यामुळे दक्षिणेला जाताना वारा कुशीवर किंवा थोडा मागून, सगळे खूश. परत उत्तरेला येताना तोच वारा तोंडावर. सुट्टीला येणारी बहुतेक मंडळी इथेच अडकतात: पहिल्या आठवड्यात हसत-खेळत खाली उतरतात आणि दुसऱ्या आठवड्यात विमान गाठायला भिजत, ओकत वर चढतात. तुमची टोबॅगो कीजची चक्करही यातून सुटत नाही. २६ किंवा २७ ला परत यायचं, म्हणजे तुमच्या सुट्टीचा सगळ्यात कठीण दिवस नाताळच्या दुसऱ्या दिवशी. त्यापेक्षा बेक्वेहून हळूहळू खाली जाऊन ग्रेनाडाहून विमान पकडता आलं, तर प्रवासाची दिशा वाऱ्याच्या बाजूची राहते. मात्र तिकीट बदलण्याचे पैसे आणि मित्राला रिकामी बोट परत वर आणावी लागणार, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

पक्क्या तारखेला घाबरते असं वर म्हटलं, त्याला कारण आहे. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडिन्समध्ये नाताळाआधी नऊ पहाटा साजऱ्या करतात, १६ ते २४ डिसेंबर. 'नाइन मॉर्निंग्ज' म्हणतात. पहाटे चारलाच लोक रस्त्यावर येतात, गाणी, स्टीलपॅन (पोलादी पिंपांपासून केलेलं वाद्य), गरम कोको. आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात मला शेवटची पहाट काहीही करून बेक्वेत बघायची होती. तेव्हा आम्ही बेक्वेच्या दक्षिणेला कनुआन बेटावर होतो. २३ ला निघालो, वारा २६-२८, पोचेपर्यंत सूर्य बुडत आलेला. डिसेंबरात इथे पावणेसहाला सूर्यास्त होतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. पोर्ट एलिझाबेथसमोरची अ‍ॅडमिरल्टी बे भरलेली, कारण याच सुमारास अटलांटिक ओलांडून आलेल्या बोटी सेंट लुशियाहून खाली पसरतात. धक्क्याजवळ एक फट दिसली. मीच म्हटलं, नांगर इथेच टाकू, पहाटे होडक्याने (बोटीवरून किनाऱ्यावर जायची छोटी इंजिनाची होडी) जायला जवळ पडेल.

एरवी नांगर टाकल्यावर मी मास्क लावून उडी मारते आणि तो खाली कसा बसलाय ते डोळ्यांनी बघते. त्या दिवशी अंधार पडला होता, भूक लागली होती, राहून गेलं. रात्री सव्वादोनला मला जाग आली ती आवाजाने. साखळी दगडावरून फरफटते तेव्हा तिचा आवाज पाण्यातून नाही, बोटीच्या अंगातून येतो, कोणी पाट्यावर जाडं मीठ वाटतंय तसा. खिडकीतून किनाऱ्यावरचा एक हिरवा दिवा झोपताना डावीकडे दिसत होता, तो आता समोर होता. वर आलो तर मागची कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, आमच्यापासून हात लांबवण्याइतक्या अंतरावर. इंजिन सुरू केलं, नवऱ्याने नांगर उचलला तर त्याच्या पात्याला समुद्रगवताचा घमेल्याएवढा गोळा. खाली वाळू नव्हतीच, गवत होतं, आणि गवतात नांगर नुसता बसल्याचं नाटक करतो. अंधारात चाचपडत बाहेरच्या बाजूला १२ मीटर पाण्यात गेलो, असेल नसेल ती सगळी साखळी सोडली आणि उजाडेपर्यंत आळीपाळीने पहारा दिला. चार वाजता किनाऱ्यावरून स्टीलपॅनचे सूर आले. शेवटची पहाट मी अशी ऐकली, ओल्या जर्किनमध्ये, हातात थंड झालेला चहा.

यातलं काहीही आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. एक दिवस आधी निघालो असतो किंवा २४ ची पहाट सोडून दिली असती, तर हे घडलं नसतं. म्हणून मित्राला विचारा, नांगरावर किती साखळी सोडतोस? हिशेब सोपा आहे. पाणी ६ मीटर, त्यात पाण्यापासून बोटीच्या नाकाडापर्यंतची उंची १ मीटर, झाले ७. साध्या वाऱ्यात त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर. ख्रिसमसच्या वाऱ्यात सातपट, जवळजवळ ५०. गर्दीत ५० मीटर सोडायला जागा नसते, आणि म्हणूनच जागा धरायला २० डिसेंबरच्या आत पोचलेलं बरं. तुमच्या बाबतीत बोट आधीच तिथे आहे, ही या सगळ्या बेतातली सर्वांत चांगली गोष्ट. ती वाया घालवू नका.

तेव्हा माझा सल्ला असा. बेक्वेलाच राहा, चौदाच्या चौदा दिवस. मोकळ्या हवामानाची एक खिडकी मिळाली, सलग तीन दिवस वारा वीसच्या खाली दिसला, तर टोबॅगो कीजला जाऊन या, मग ती २२ तारीख असो की ३०. कासवांना नाताळ कधी आहे ते माहीत नसतं. घोड्याच्या नालासारख्या प्रवाळाच्या भिंतीमागे तिथे नांगर टाकतात. समोर आफ्रिकेपर्यंत दुसरी जमीन नाही. लाट भिंतीवर फुटते, पण वारा पूर्ण अंगावर येतो. तो शांत असेल तेव्हाच तिथली मजा. शेजारच्या युनियन बेटावर आणि कारियाकूवर १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ आदळलं, बहुतेक घरांची छपरं गेली. तिथे थांबलात तर भाजी, मासे, पाव, जे मिळेल ते तिथल्या माणसाकडून घ्या, घासाघीस करू नका.

बेक्वेत चौदा दिवस काय करणार, असं वाटेल. पहिले तीन दिवस तर बोटीवर राहायला शिकण्यातच जातील. मुलांना होडकं चालवायला शिकवा (इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय नाही, यावर वाद नको). प्रिन्सेस मार्गारेट नावाचा किनारा पोहायला उत्तम. गावात लाकडी बोटींच्या छोट्या प्रतिकृती बनवणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे तासभर सहज जातो. तुम्ही २० ला येताय, म्हणजे शेवटच्या तीन-चार पहाटा तुमच्याच. आणि नाताळच्या आसपास नांगरलेल्या बोटींची एकमेकांकडे ये-जा वाढते. प्रत्येकाने एक पदार्थ करून न्यायचा, कोणाच्या तरी बोटीवर किंवा किनाऱ्यावर जमायचं. एका वर्षी मी साबुदाण्याची खिचडी नेली. एका नॉर्वेजियन आजोबांनी तीनदा घेतली आणि हा कुठल्या माशाचा पदार्थ, असं विचारलं.

आता सासूबाई. बोटीवर वयस्क माणसाला त्रास कशाचा होतो असं विचारलं, तर लोक लाटा म्हणतात. माझ्या अनुभवात खरा त्रास चढण्या-उतरण्याचा. बोटीतून होडक्यात आणि होडक्यातून धक्क्यावर. होडकं वरखाली होतंय, धक्का कमरेइतका उंच, मध्ये पाणी. दिवसातून चार वेळा हे करायचं. माझी आई ७१ व्या वर्षी आली होती, गुडघे बरे, तरी तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी आज इथेच बसते. नंतर कळलं, ती धक्क्याला घाबरून पाणीच कमी पीत होती, म्हणजे किनाऱ्यावर शौचालय शोधायला नको. त्यानंतर आम्ही पाहुण्यांना किनाऱ्यावर एक खोली घ्यायलाच सांगतो. सासूबाईंसाठी घ्या, शक्य असेल तर एका मुलासकट. सुट्टीच्या आठवड्यात खोल्या महाग आणि लवकर भरतात, तेव्हा हे आजच करा. रात्री त्या जमिनीवर झोपतील, दिवसा बोटीवर येतील. तुमच्या बोटीतली गर्दीही कमी होईल. ४१ फूट ऐकायला मोठं वाटतं, पण पाच-सहा माणसं झाली की ते एसटीच्या मागच्या सीटइतकं होतं.

बोट लागेल का? काही जणांना लागेलच, कोणाला ते आधी सांगता येत नाही. नांगरलेल्या बोटीवर सहसा चोवीस तासांत अंग सरावतं. म्हणून पहिले दोन दिवस कुठेही हलू नका. गोळी घ्यायची तर आदल्या रात्रीपासून. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुतेकदा समुद्राला अर्पण होते. भारतात आणि युरोपात आम्ही सिनारिझिन वापरतो, अमेरिकेत ते मिळत नाही, तिथे मेक्लिझिन मिळतं. सात वर्षांच्या मुलाला आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला काय चालेल, ते डॉक्टरांनाच विचारा, माझ्यासारख्या बँकवालीला नको. कोणाला लागलीच तर खाली खोलीत पाठवू नका, वर वाऱ्यात बसवा, क्षितिजाकडे बघायला लावा, हातात सुकाणू द्या. मुलांवर सुकाणूचा उपाय कमालीचा चालतो.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते. उत्तर अटलांटिकमध्ये फार दूर वादळ उठतं आणि दोन-तीन दिवसांनी त्याची लांब लाट इथे पोचते. वारा नाही, पाऊस नाही, आणि आडोशाच्या खाडीतही बोट पाळण्यासारखी डावी-उजवी होत राहते. उत्तरेकडे उघड्या जागांना ती जास्त जाणवते, काही किनाऱ्यांवर होडकं लावणंही धोक्याचं होतं. अशा रात्री झोप येत नाही. आम्ही अंथरूण आडवं घालतो, म्हणजे डोकं-पाय असे हलतात, कुशीवरून लोळत नाही.

पाण्याचा हिशेब आता माझ्या हातात द्या. बोटीच्या टाकीत समजा ४०० लिटर गोडं पाणी आहे. जमिनीवरच्या सवयीने पाच माणसं ते दीड दिवसात संपवतील. बोटीवर माणशी १५ लिटर धरा, दिवसाचे ७५, टाकी पाच दिवस. जमतं कसं? आंघोळ समुद्रात, साबण समुद्रात, शेवटी दोन लिटर गोड्या पाण्याने अंग धुवायचं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात. बोटीवर खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असेल तर प्रश्न हलका होतो, पण ते वीज खातं. विजेचं गणित डिसेंबरात जरा विचित्र असतं: दिवस लहान आणि ढग येत-जात असल्याने सौर पॅनेल कमी देतात, उलट वाऱ्यावरची चक्की रात्रंदिवस फिरते. मित्राकडे चक्की असेल तर मुलांच्या टॅबलेटची चिंता नाही. नसेल तर फ्रिज आधी, बाकी नंतर. बेक्वेत पाणी घेऊन बोट बाजूला येते, पण २५ आणि २६ तारखेला काहीच चालू नसतं. २३ ला टाकी भरून घ्या, गॅसचंही बघा.

जेवणाबद्दल सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा की त्यांना इथे कोकणात आल्यासारखं वाटेल. नीरफणस सगळीकडे, तो कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून सेंट व्हिन्सेंटला आणला, गुलामांना खायला स्वस्त अन्न म्हणून. त्याचे काप तव्यावर केले की मला दापोलीची आठवण येते. 'डॅशीन' म्हणजे अळू, आणि त्याच्या पानांचं 'कॅलालू' म्हणजे अळूच्या फदफद्याचा चुलतभाऊ, फक्त चिंच-गूळ नाही. नाताळात लाल रंगाचं 'सॉरेल' नावाचं सरबत घरोघरी असतं, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं आणि लवंग घालून. आणि याच दिवसांत बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा येतात. इथे तो नाताळच्या भाताचा दाणा. मी त्याची आमटी करते. त्रिनिदाद, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट या बेटांवर एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांचे वंशज आहेत, सेंट व्हिन्सेंटला त्यांचं पहिलं जहाज १८६१ मध्ये लागलं. त्यामुळे रोटी, चना, जिरं हे शब्द दुकानात ऐकू येतात. फक्त त्रिनिदादी दुकानदार 'सॅफ्रन' म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुधा हळद असतो, केशर समजून हरखून जाऊ नका.

न्यू जर्सीहून डाळी, पोहे, साबुदाणा आणि मसाले आणा. आणि प्रेशर कुकर, छोटा. झाकण घट्ट बसतं, बोट कलली तरी सांडत नाही, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. बोटीवरच्या भांड्यांत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. पुठ्ठ्याची खोकी मात्र बोटीत आणू नका. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात आणि मग ती तुमच्या मित्राकडे कायमची राहतात. सगळं धक्क्यावरच पिशव्यांत काढा. सामान मऊ बॅगांत. चाकांच्या कडक बॅगेला बोटीत जागा नसते. बूट नकोत. पातळ, लांब बाह्यांचे कपडे हवेत, कारण वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. मासे खाणारं कोणी असेल तर प्रवाळावर राहणारा मोठा मासा, विशेषतः बाराकुडा, टाळा. त्यातून विषबाधा होऊ शकते आणि शिजवून ते विष जात नाही. आणि किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली, खोडावर लाल पट्टा असला, तर ते मँचिनील. फळ खाऊ नये हे उघड आहे, पण पावसात त्या झाडाखाली उभंही राहू नये, पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. मुलांना पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा.

कागदपत्रांचं एकच सांगते. विमानाने येऊन बोटीवर राहणाऱ्याला इमिग्रेशनवाले राहण्याचा पत्ता विचारतात. मित्राकडून बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तुमची सगळ्यांची नावं असलेलं सहीचं पत्र आणि परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा. फोनमधलं पत्र चालतं, पण फोनची बॅटरी चालत नाही.

रात्री होडकं पाण्यात सोडू नका. दोराने वर उचलून बोटीच्या कुशीला टांगा आणि कुलूप लावा. आमचं एक गेलं. एका बेटावर फक्त जेवायला तासभर खाली सोडलं होतं, परत येऊन बघतो तर कापलेला दोर. सुट्टीत हे वाढतं. ३१ ला रात्री होडक्यातून फिरणार असाल तर दिवा हातात हवाच. त्या रात्री निम्मी होडकी प्यायलेल्या माणसांची असतात. आणि मुदत संपलेले संकटाचे लाल फ्लेअर आतषबाजी म्हणून उडवायचे नाहीत, शेजारी उडवत असले तरी. कोणी खरंच संकटात असेल तर त्याच्याकडे मग कोण बघणार?

सासूबाईंना पोहता येतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते, आणि मित्राच्या नांगरावर साखळी एकूण किती मीटर आहे, एवढं विचारून कळवा. मग धक्क्यावर चढण्या-उतरण्याचं आणि बाकीचं नीट सांगते.